तपासणी गाठीची झाली, की तुमची?

वाचकाचं पत्र:

नमस्कार डॉक्टर,

माझं वय ३८. थायरॉईडला गाठ होती म्हणून नुकतीच अर्धी ग्रंथी काढली. रिपोर्टमध्ये ‘फॉलिक्युलर कार्सिनोमा, मिनिमली इन्व्हेसिव्ह’ असं आलं. त्याच तुकड्यात इतर बऱ्याच लहान साध्या गाठीही होत्या म्हणे. सर्जन म्हणाले, कॅन्सर लवकर सापडलाय, उरलेली अर्धी ग्रंथी ठेवली तरी चालेल. मग गाठीची जनुकीय तपासणी झाली. त्यात लिहिलंय की एनरास सक्रिय आहे, पीटेन निकामी आहे आणि टीपी ५३ मध्ये बदल नाही.

मी रात्रभर वाचत बसले. पीटेन हे ट्यूमर सप्रेसर जीन आहे, ते आईकडून मुलांकडे जातं, असं कळलं. मला दहा वर्षांची मुलगी आहे. ती सगळी माझ्यावरच गेलीय. माझ्यासारखंच तिचंही डोकं मोठं, सायकलचं हेल्मेट मोठ्यांच्या मापाचं आणावं लागलं. पीटेनचा हा बिघाडही तिला माझ्याकडूनच मिळाला असेल का? आमच्या घरात थायरॉईडचा कॅन्सर कुणालाच नाही. आईचा गलगंड तिशीतच काढला होता, पण तो साधा होता. बहिणीला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, पण ते वेगळं.

नवरा म्हणतो, उगाच नको ते वाचतेस. सासूबाई म्हणतात, तू फार ताण घेतेस म्हणून झालं. हे जनुक मीच बिघडवलं का? ते पुन्हा सुरू करायचं काही औषध किंवा आहार आहे का? आणि पुढे हा कॅन्सर त्या भयंकर प्रकारात बदलेल का?

– एक आई

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देता येतील, ती पुढे देते. पण पत्रातल्या तीन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून गेलात: मोठं डोकं, आईचा गलगंड आणि बहिणीचा आजार. माझ्या मते तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

आधी रिपोर्टबद्दल. तपासलं गेलं ते गाठीतून घेतलेल्या पेशींचं डीएनए. तुमचं रक्त कुणी तपासलेलंच नाही. हा फरक फार मोठा आहे आणि रिपोर्ट हातात देताना तो नीट समजावून सांगितला जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. गाठीत सापडलेला बदल दोन वाटांनी आलेला असू शकतो. एक म्हणजे तुमच्या आयुष्यात केव्हातरी थायरॉईडच्या एखाद्या पेशीत विभाजनाच्या वेळी नक्कल करताना चूक झाली आणि त्या पेशीच्या वंशात ती पुढे गेली. असा बदल त्या गाठीपुरताच असतो. तो तुमच्या बीजांडात नसतो आणि मुलीकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी वाट म्हणजे तो बदल जन्मापासूनच तुमच्या प्रत्येक पेशीत आहे, म्हणून अर्थातच गाठीतही आहे. नुसती गाठ तपासली तर दोन्ही बदल सारखेच दिसतात. रिपोर्टवर फक्त ‘पीटेन निकामी’ एवढंच येतं, ते कुठून आलं ते कळत नाही.

थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये सापडणारे बहुतेक जनुकीय बदल पहिल्या वाटेचे असतात, हे मी ठामपणे सांगते. तुमच्या रिपोर्टमधला एनरासचा बदलही त्यातलाच धरायला हरकत नाही. पीटेनच्या बाबतीत मात्र मी एवढ्या लवकर निश्चिंत होणार नाही. कारण कळायला ही जनुकं काय करतात ते थोडं पाहावं लागेल.

कॅन्सरशी संबंधित जनुकांचे ढोबळमानाने दोन गट आहेत. एनरास, बीरॅफ, रेट यांसारखी जनुकं पेशीला वाढीचा निरोप देतात. त्यांच्यात विशिष्ट बदल झाला की निरोप थांबतच नाही, आणि त्यासाठी दोनपैकी एकच प्रत बिघडली तरी पुरते. दुसरा गट ट्यूमर सप्रेसर जनुकांचा. पीटेन, टीपी ५३, एपीसी, डायसर १, आरबी १ ही त्यातली काही. कुणी वाढीचा निरोप वेळेवर बंद करतं, कुणी डीएनएची मोडतोड ओळखून पेशीला थांबवतं किंवा तिचा शेवट घडवून आणतं. इथे नुकसान होतं ते जनुक गमावल्यामुळे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. घराच्या कागदपत्रांच्या दोन प्रती असल्या की एक हरवली तरी दुसरीवर भागतं, तसंच हे. अडचण येते ती दुसरीही गेल्यावर.

हा विचार १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन या डॉक्टरांनी मांडला, तोही प्रयोगशाळेत जनुक न पाहता. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरच्या ४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या. आनुवंशिक आजाराच्या मुलांना तो लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होत होता, इतरांना उशिरा आणि एकाच डोळ्यात. त्यांनी अनुमान काढलं की पहिल्या गटातली मुलं एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात, त्यांना आणखी एकच आघात पुरतो, बाकीच्यांना मात्र एकाच पेशीत दोन आघात व्हावे लागतात. आरबी १ हे जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९८६ मध्ये आणि अनुमान खरं ठरलं. एकाच रुग्णाला कमी वयात अनेक गाठी झालेल्या दिसल्या की डॉक्टर आनुवंशिकतेचा विचार करतात, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

आता थायरॉईडकडे येते. सगळ्यात जास्त आढळणारा पॅपिलरी कॅन्सर प्रामुख्याने पहिल्या गटाचा आजार आहे. २०१४ मध्ये जवळपास ५०० पॅपिलरी गाठींचा सविस्तर जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६० टक्के गाठींमध्ये बीरॅफचा बदल होता, आणि टीपी ५३ बिघडलेल्या गाठी एक टक्क्याच्या आसपासच होत्या. म्हणजे वाढीचा निरोप अडकलेला, पण पेशीची राखण शाबूत. हा कॅन्सर सहसा संथ असतो आणि उपचारांना चांगली दाद देतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

तुम्ही ज्याला ‘भयंकर प्रकार’ म्हणता तो अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सर. तिथे चित्र उलटं होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा गाठींपैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये टीपी ५३ बिघडलेलं होतं. टीपी ५३ या जनुकापासून पी ५३ नावाचं प्रथिन बनतं; ते शाबूत असेल तर डीएनए मोडलेल्या पेशीला विभाजन करू देत नाही. ते गेलं की पेशी मोडक्या गुणसूत्रांसकट विभागत राहते, दर पिढीत नवी मोडतोड साचते आणि थायरॉईडची पेशी म्हणून असलेली तिची ओळखच पुसली जाते. मग ती आयोडीन शोषत नाही, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीनचा उपचारही तिच्यावर चालत नाही. हा आजार फार कमी जणांना होतो, बहुधा उतारवयात. काही वेळा जुन्या, दुर्लक्षित राहिलेल्या कॅन्सरमधूनच तो उभा राहिलेला दिसतो. तुमची गाठ लहान टप्प्यावर, पूर्ण काढली गेली आहे आणि तिच्यात टीपी ५३ शाबूत आहे. मिनिमली इन्व्हेसिव्ह, म्हणजे आजूबाजूला फारच थोडा शिरलेल्या, फॉलिक्युलर कॅन्सरमध्ये रुग्णांची पुढची वाटचाल फार चांगली असते. नियमित तपासण्या चुकवू नका, पण या भीतीने रात्री जागू नका.

आता पीटेन. हे जनुक १९९७ मध्ये सापडलं, ते दहाव्या गुणसूत्रावर आहे. पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला पीआयपी ३ नावाचा एक स्निग्ध रेणू तयार होतो. तो आहे तोवर पेशीला ‘वाढ, विभाग, मरू नकोस’ असा आदेश मिळत राहतो. पीटेनचं प्रथिन या रेणूवरचा एक फॉस्फेट गट काढून टाकतं आणि आदेश तिथेच थांबतो. पीटेन गेलं की पीआयपी ३ साचतो, त्याच्या पुढचं एकेटी नावाचं प्रथिन चालूच राहतं. एनरासचा निरोपही काही अंशी याच वाटेने जातो, म्हणून एकाच गाठीत दोन्ही बिघडले तर परिणाम वाढतो.

पीटेन नडसन यांच्या नियमात पूर्णपणे बसत नाही. दोन्ही प्रती गेल्या तरच परिणाम होतो असं इथे नाही. एकच प्रत काम करत असेल तर प्रथिन कमी पडतं आणि शरीरातल्या पेशी नेहमीपेक्षा थोड्या जास्त वाढतात. जन्मापासून एक प्रत निकामी असलेल्या माणसांचं डोकं म्हणून मोठं असतं. त्यांच्या त्वचेवर, हिरड्यांवर बारीक पुटकुळ्यांसारख्या वाढी दिसतात, आतड्यात पॉलिप होतात, थायरॉईडमध्ये कमी वयात अनेक साध्या गाठी होतात. या चित्राला काउडेन सिंड्रोम म्हणतात. त्याचं वर्णन १९६३ मध्ये झालं आणि नाव पहिल्या रुग्ण कुटुंबाच्या आडनावावरून पडलं. या लोकांमध्ये स्तन, थायरॉईड, गर्भाशयाचं अस्तर, मूत्रपिंड आणि मोठं आतडं यांच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो. थायरॉईडमध्ये फॉलिक्युलर प्रकार त्यांच्यात नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात दिसतो.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. तुम्ही घराण्यात थायरॉईडचा कॅन्सर शोधलात, तो सापडला नाही म्हणून थांबलात. पण ट्यूमर सप्रेसर जनुक एका अवयवाचं नसतं, ते सगळ्या शरीराचं असतं. आईचा तिशीतला गलगंड, बहिणीचा ४१व्या वर्षीचा स्तनाचा कॅन्सर, तुमच्या ग्रंथीत कॅन्सरच्या शेजारी असलेल्या अनेक साध्या गाठी, तुमचं आणि मुलीचं डोकं, आणि त्यावर गाठीत निकामी झालेलं पीटेन. यातली प्रत्येक गोष्ट एकटी असती तर मी काहीच म्हटलं नसतं. मोठं डोकं कित्येक निरोगी घराण्यांत असतं, गलगंड तर किती जणांना होतो. पण एकत्र पाहिल्यावर रक्ताची तपासणी व्हायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला हा आजार आहेच असं मी म्हणत नाही. शंका घ्यायला जागा आहे, आणि ती एका साध्या तपासणीने मिटवता येते.

एक काम घरीच करा. शिवणकामाच्या टेपने भुवयांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात बाहेर आलेला भाग धरून स्वतःच्या डोक्याचा घेर मोजा. प्रौढ स्त्रीमध्ये ५८ सेंटिमीटर किंवा जास्त, पुरुषामध्ये ६० किंवा जास्त असेल तर तो या निदानात धरला जातो. मुलीचा घेर तिच्या वयाच्या तक्त्याशी ताडावा लागतो, ते बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. जमलं तर आई आणि बहिणीचाही मोजा. आरशात हिरड्या, जीभ, नाकाभोवतीची त्वचा नीट पाहा आणि काही वेगळं वाटलं तर लिहून ठेवा.

मग जेनेटिक काउन्सेलर किंवा मेडिकल जेनेटिक्सच्या तज्ज्ञांची भेट घ्या. जाताना स्वतःचा पूर्ण पॅथॉलॉजी रिपोर्ट, गाठीचा जनुकीय रिपोर्ट आणि शक्य झालं तर बहिणीचे कागद न्या. आईच्या जुन्या शस्त्रक्रियेचा रिपोर्ट सापडला तर सोनंच. त्यांच्याकडे आग्रह धरा की तपासणी रक्ताची व्हावी, तिच्यात पीटेनमधल्या लहान बदलांबरोबर जनुकाचा मोठा तुकडा गळालाय का हेही पाहिलं जावं, आणि सोबत ब्राका १, ब्राका २ व टीपी ५३ अशी स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित जनुकंही असावीत. चाळिशीच्या आसपास झालेल्या स्तनाच्या कॅन्सरमागे पीटेनपेक्षा ब्राका असण्याची शक्यता मुळात जास्त असते. तुमच्या बहिणीची अशी तपासणी झाली नसेल, तर तिला स्वतःसाठीही ती करून घ्यायला सांगा.

उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं. रक्तात पीटेन शाबूत निघालं तर गाठीतला बदल गाठीतच जन्मला होता. मग तुमच्या थायरॉईडच्या कॅन्सरमुळे मुलीला पीटेनसाठी कसल्याही तपासणीची गरज नाही. दुसरं, ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येऊ शकतो, म्हणजे बदल दिसला पण तो घातक आहे का ते अजून ठरलेलं नाही. अशा शेऱ्यावरून शस्त्रक्रिया किंवा मुलीची तपासणी ठरवू नका. दर काही वर्षांनी त्याचा अर्थ पुन्हा विचारा, कारण असे शेरे नंतर बदलतात आणि बरेचसे निरुपद्रवी ठरतात.

तिसरं, रक्तातही घातक बदल निघाला तर. मग मुलीला तो मिळालेला असण्याची शक्यता ५० टक्के. तो तिला मिळाला की नाही हे तिच्या जन्माआधीच ठरून गेलेलं आहे, तुमच्या आजच्या वागण्याने ते बदलत नाही. सापडलेला नेमका बदल माहीत असल्यामुळे तिची तपासणी सोपी होते आणि उत्तर स्पष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं. मुलांच्या बाबतीत एरवी आम्ही मोठेपणी होणाऱ्या आजारांची जनुकीय तपासणी टाळतो, ती सज्ञान झाल्यावर त्यांनीच ठरवावी असं मानतो. पीटेन त्याला अपवाद आहे, कारण थायरॉईडचा धोका बालपणातच सुरू होतो. पीटेनचा बदल असलेल्या मुलांची मानेची सोनोग्राफी सातव्या वर्षापासून दर वर्षी करावी, अशी शिफारस आहे. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, सुई नसते, मुलीला त्रास नाही.

तुमच्यासाठीही मग आराखडा बदलेल. सर्जन उरलेली अर्धी ग्रंथी ठेवायला तयार आहेत, ते तुमच्या कॅन्सरमागे जन्मजात बदल नाही असं धरून. जन्मजात पीटेन बदलात उरलेल्या भागातही गाठी होत राहतात, त्यामुळे बरेच तज्ज्ञ पूर्ण ग्रंथी काढणं पसंत करतात. म्हणून रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत उरलेल्या ग्रंथीचा अंतिम निर्णय घेऊ नका. तुमच्यासारख्या गाठीत एवढं थांबण्याने नुकसान होत नाही, तरी सर्जनना ही शंका आजच कळवा. शिवाय स्तनांची दर वर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय, ३५ च्या आसपास मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, ४० पासून मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि गर्भाशयाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं हे सगळं ठरवावं लागेल. इंटरनेटवर धोक्याचे फार मोठे आकडे दिसतील. २०१२ च्या एका अभ्यासात आयुष्यभरातला थायरॉईड कॅन्सरचा धोका ३५ टक्के आणि स्तनाच्या कॅन्सरचा ८५ टक्के आला होता. पण अशा अभ्यासांत आधीच आजारी पडलेली कुटुंबं जास्त असतात, त्यामुळे आकडे फुगतात. प्रत्यक्ष धोका त्याहून कमी असावा असं मानलं जातं, पण दुर्लक्ष करण्याइतका कमी तो नक्कीच नाही.

आता तुमचे राहिलेले प्रश्न. हे जनुक तुम्ही बिघडवलेलं नाही. ताणामुळे थायरॉईडचा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. बाहेरचं ठोस कारण म्हणून ज्याचा पुरावा आहे ते म्हणजे लहानपणी मानेला मिळालेला किरणोत्सर्ग. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळालं तर बरं, पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या. यजमानांनाही न्या. तुम्ही नको ते वाचत नव्हता, योग्य तेच वाचत होता, फक्त अर्धं वाचून झालं होतं.

ट्यूमर सप्रेसर पुन्हा सुरू करणारा आहार, काढा किंवा गोळी नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. औषधं बनवणाऱ्यांची इथली अडचण खरी आहे. जास्त काम करणारं प्रथिन औषधाने अडवता येतं. बीरॅफचा बदल असलेल्या अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सरसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिबच्या जोडीला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, रेटच्या बदलांसाठी २०२० मध्ये सेल्परकॅटिनिब आलं. पण पीटेनसारखं जे प्रथिन पेशीत नाहीच, ते परत आणणं फार अवघड आहे. म्हणून पीटेनच्या बाबतीत आज आपल्या हातात आहे ती वेळेवर देखरेख, आणि ती खरोखर जीव वाचवते.

मुलीला आत्ता काय सांगायचं? तुमचं ऑपरेशन तिने पाहिलंय, तेव्हा विचारलं तर खरं सांगा: आईच्या गळ्यात गाठ होती, ती काढली, आता डॉक्टर रक्त तपासणार आहेत. तिचं रक्त देण्याचा विषय तुमचा रिपोर्ट आल्याशिवाय काढू नका. मानेची एक सोनोग्राफी मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून आत्ताही करून घेता येईल, त्यासाठी कुठल्याही रिपोर्टची वाट पाहायला नको. आणि बहिणीला आज फोन करा. तिच्या उपचारांच्या वेळी जनुकीय तपासणी झाली होती का, हे ती एका वाक्यात सांगू शकेल, आणि त्या उत्तराने काउन्सेलरचं निम्मं काम सोपं होईल.